वाचकांचे प्रश्न : फिलिप ग्लास, टॅक्सी आणि भैरवी

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो आणि उरलेल्या वेळात कीबोर्डवर स्वतःच्या रचना बसवतो. अमेरिकन पियानोवादक आणि संगीतकार फिलिप ग्लास हे चाळिशीपर्यंत टॅक्सी चालवत होते, असे वाचले. ते खरे आहे का? नोकरी सांभाळून कुणी खरोखर संगीतकार होऊ शकतो, की घरचे म्हणतात तसा हा शेवटी छंदच राहतो?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ते खरे आहे, आणि टॅक्सीच्या आधीही बरेच काही आहे. ग्लास यांचा जन्म १९३७ साली बाल्टिमोरला झाला. वडिलांचे रेडिओदुरुस्तीचे आणि ध्वनिमुद्रिका विकण्याचे दुकान होते. ज्या ध्वनिमुद्रिका खपत नसत त्या का खपत नाहीत हे समजावे म्हणून ते त्या घरी आणून ऐकत, आणि त्यामुळे दुकानात कुणी न विचारलेले आधुनिक संगीत मुलाच्या कानांवर लहानपणीच पडले. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतविद्यालयात जाण्यासाठी लागणारे पैसे त्यांनी पोलादाच्या कारखान्यात काम करून जमवले. तुमच्या पत्रातला पाळीचा उल्लेख वाचताना मला प्रथम हेच आठवले. पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्या कडक शिस्तीत शिकून ते न्यूयॉर्कला परतले, तरी लोकांचे घरसामान हलवणे, नळजोडणीची कामे करणे आणि नंतर टॅक्सी चालवणे हीच त्यांच्या पोटापाण्याची साधने होती.

१९७६ च्या नोव्हेंबरात त्यांच्या ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ या ऑपेराचे, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाट्याचे, दोन प्रयोग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या भव्य सभागृहात झाले. सभागृह भाड्याने घेतलेले होते. दोन्ही प्रयोगांची सारी तिकिटे खपली, परंतु खर्च इतका मोठा होता की हिशेब मांडल्यावर कर्जच उरले आणि संगीतकार पुन्हा टॅक्सी चालवू लागला. केवळ संगीतावर घर चालू लागले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. ज्या संस्थेचे सभागृह त्यांनी भाड्याने घेतले होते, तिनेच १९९२ साली त्यांच्याकडून नवा ऑपेरा लिहवून घेऊन रंगमंचावर आणला.

मला मात्र या हकिकतीत टॅक्सीपेक्षा दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९६८ मध्येच त्यांनी स्वतःचा छोटा वाद्यवृंद उभा केला, आणि कित्येक वर्षे आपल्या रचनांची स्वरलिपी छापून विकायला काढली नाही. ज्यांना हे संगीत ऐकायचे असेल त्यांनी या वाद्यवृंदालाच बोलवावे, म्हणजे वादकांना काम मिळेल आणि रचनाही हवी तशीच वाजेल, असा त्यामागचा विचार होता. सुरुवातीचे कार्यक्रम चित्रकारांच्या माळ्यांवर आणि कलादालनांत झाले. म्हणून कालिदास कलामंदिराची तारीख मिळेपर्यंत तुम्हीही थांबू नका; एक तबलावादक आणि एक बासरीवादक सोबतीला घ्या आणि रविवारी शाळेच्या वर्गात वीस माणसांसमोर वाजवा. रचनांचे हक्क एकरकमी पैशांच्या मोहाने कुणाला लिहून देऊ नका. आपल्याकडील कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने चित्रपट व ध्वनिमुद्रणांतील संगीतरचनाकाराचा मानधनातील वाटा बराच सुरक्षित केला आहे, तो सहीच्या एका फटकाऱ्याने दुर्लक्षित होऊ नये. घरच्यांना छंद म्हणू द्यावे. पाळी संपल्यावरचा ठरलेला तास तेवढा मोडू देऊ नये.

प्रश्न : ग्लास यांनी गांधीजींवर ऑपेरा लिहिला असून तो संस्कृतात गायला जातो, असे ऐकले. परदेशी रचनाकाराने हे कसे काय केले? आपल्या संगीताशी त्यांचा काही खरा संबंध होता, की केवळ आकर्षण?
– एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी

उत्तर : बाई, संबंध खरा होता, आणि तो लेखणी हातात धरून जुळलेला होता. पॅरिसला शिकत असताना, १९६५-६६ च्या सुमारास, एका चित्रपटासाठी पंडित रविशंकर यांचे संगीत पाश्चात्त्य वादकांना वाजवता यावे म्हणून स्वरलिपीत उतरवण्याचे काम ग्लास यांना मिळाले. ते सवयीप्रमाणे मात्रांच्या मध्ये उभ्या रेघा मारून विभाग पाडत, आणि तबलावादक उस्ताद अल्लारखा ते ऐकून दर वेळी सांगत की आघात चुकतो आहे. शेवटी ग्लास यांनी सगळ्या रेघा खोडून टाकल्या, तेव्हा दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांनी अखंड वाहणारी लय त्यांना दिसली. आपल्याकडे मुले टाळी-खाली हाताने मोजत शिकतात, त्यामुळे या क्षणाचे महत्त्व आपल्याला चटकन जाणवणार नाही. परंतु त्यांच्या पुढच्या संगीताचे बीज इथे आहे.

१९६८ ची ‘टू पेजेस’ ही रचना पाहा. काळी-पांढरीचा हिशेब सोडून आपल्या भाषेत सांगायचे, तर मंद्र पंचम, षड्ज, ऋषभ, कोमल गंधार आणि मध्यम एवढे पाचच स्वर. ते एका गतीने वाजत राहतात, मग त्यांना त्यांतलेच पहिले चार जोडले जातात, मग पहिले तीन. मी हे माझ्या हार्मोनियमवर वाजवत होतो आणि शेजारी तबल्याचा विद्यार्थी बसला होता. तिसऱ्या आवर्तनाला तो नकळत मांडीवर बोटांनी मोजू लागला. हे उसने घेतलेले भारतीय सूर नव्हेत. रचना वाढवत नेण्याची रीत त्यांनी इथून घेतली आणि ती स्वतःची केली.

‘सत्याग्रह’ हा ऑपेरा ५ सप्टेंबर १९८० रोजी रॉटरडॅमला प्रथम सादर झाला. त्यात गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतील वर्षे आहेत आणि टॉलस्टॉय, रवींद्रनाथ व मार्टिन लूथर किंग यांच्या नावांचे तीन अंक आहेत. गायले जाणारे सर्व शब्द भगवद्गीतेतले आहेत. आरंभ ‘धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे’ने होईल अशी आपली अपेक्षा असते, पण गांधीजींचे पात्र ‘योत्स्यमानानवेक्षेऽहं’ गात उभे राहते. म्हणजे समोरच्या सैन्याकडे पाहणारा अर्जुन. वाद्यवृंदात तंतुवाद्ये, लाकडी सुषिरवाद्ये आणि ऑर्गन आहे, तुताऱ्या आणि नगारे नाहीत. अहिंसेच्या कथेला हा निर्णय किती साजतो, हे ऐकतानाच कळते.

शेवटच्या प्रवेशात चौथ्या अध्यायातील ‘बहूनि मे व्यतीतानि’पासून ‘यदा यदा हि’पर्यंतचे श्लोक आहेत, आणि एकटा गायक षड्जापासून तार षड्जापर्यंत चढत जाणारी एकच सरगम तीस वेळा म्हणतो. तिचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे आहेत : ऋषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल. पाश्चात्त्य परंपरेत या स्वरपंक्तीला फ्रिजियन म्हणतात आणि ग्लास यांनी ती त्याच परंपरेतून घेतली असावी. तरीही रात्रभराच्या मैफलीची सांगता भैरवीने होताना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तो शेवट परका वाटणार नाही. तुम्ही गीता शिकवली असेल, तर शब्द समोर ठेवून ऐका.

प्रश्न : मी दोन वर्षे पियानो शिकते. ग्लास यांच्या ‘एट्यूड्स’ म्हणजे फक्त बोटांचा व्यायाम आहे का? मी त्यापासून सुरुवात करू का?
– एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : ‘एट्यूड’ म्हणजे अभ्यासिका. १९९१ ते २०१२ या काळात त्यांनी अशा वीस लिहिल्या. पहिल्या दहांमागे स्वतःचे वादन सुधारण्याचा हेतूही होता. साठीकडे झुकलेला नामवंत संगीतकार आपल्या बोटांसाठी धडे लिहितो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वीसही अभ्यासिका सलग प्रथम २०१३ साली ऑस्ट्रेलियातील पर्थच्या महोत्सवात वाजल्या आणि वादकांत ते स्वतःही होते. दुसऱ्या दहा अधिक अवघड आहेत, त्या आत्ता बाजूला ठेव. १९८८ ची ‘मेटॅमॉर्फोसिस’ ही पाच भागांची रचना आधी घे, कारण ती हाताला तुलनेने सोपी आहे. तुझ्या कीबोर्डच्या पट्ट्यांना वजन नसेल, तर आठवड्यातून एकदा तरी खऱ्या पियानोवर बसायला मिळेल असे बघ. तोच स्वर शंभर वेळा वाजवताना प्रत्येक वेळी सारखाच दाब देणे, हे हलक्या पट्ट्यांवर शिकता येत नाही. वेग वाढवायची घाई करू नकोस. आधी महिनाभर संथ लयीत, पायपट्टीला (पेडलला) न शिवता वाजव.