पहिल्या सत्राला जाण्याआधी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

इंटरॅक्टिव्ह कलेच्या, म्हणजे बघणाऱ्याला प्रतिसाद देणारी कामं घडवायच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तुझा प्रवेश झाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं आणि पाठोपाठ तुझा लांबलचक मेसेज आला. फार आनंद झाला. तुझे बहुतेक प्रश्न मात्र यंत्रांबद्दलचे आहेत: कोणता लॅपटॉप घेऊ, आधी कोणती भाषा शिकू, सेन्सर इथूनच घेऊन जाऊ का. त्यांची उत्तरं थोडक्यात देते. कारण अनोळखी माणूस तुझ्या कामासमोर येऊन उभा राहतो तेव्हा तो नेमकं काय करतो, हे निरखणं हाच या दोन वर्षांतला खरा अभ्यास आहे, आणि मला त्यावर जास्त लिहायचं आहे.

आधी यंत्रं. तुझा कॉलेजातला लॅपटॉप चालतोय ना? मग तोच ने. सुरुवातीला पी-फाइव्ह, म्हणजे कोड लिहून पडद्यावर चित्रं काढायचं साधन, पुरे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये ‘प्रोसेसिंग’ हे कोड लिहायचं साधन सुरू केलं, ते चित्रकार आणि डिझायनर मंडळींनाही कोड लिहिता यावा म्हणून. पुढे लॉरेन मॅकार्थीनं त्याच विचारातून ब्राउझरमध्ये चालणारं पी-फाइव्ह उभं केलं. पी-फाइव्हची फाईल एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही, म्हणजे सुट्टीत गावी आलीस आणि टॉवर गेला तरी काम अडणार नाही. लाईटच गेली तर कागद घे. चित्रकार व्हेरा मोलनार यांच्या हाती संगणक आला १९६८ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं त्या नियम ठरवायच्या आणि तो पाळत हातानं चित्रं काढायच्या. या पद्धतीला त्या ‘काल्पनिक यंत्र’ म्हणत. चौकोन काढायचे, दर ओळीत थोडे थोडे बिघडवत न्यायचे, आणि कुठल्या ओळीत चित्र हातचं सुटतं ते पाहायचं. हा सराव तू आजपासून वहीत करू शकतेस.

आता तुला एक छोटी गोष्ट जवळून दाखवते. पडद्यावर एक गोळा काढ आणि तो माउसच्या मागे लाव. माउस जिथे, गोळा तिथे. दोन मिनिटांत कंटाळा येईल. मग लर्प हे फंक्शन वापरून गोळ्याला सांग, की दर फ्रेमला (पडद्यावरचं चित्र सेकंदाला साधारण साठदा नव्यानं काढलं जातं, त्यातलं एक म्हणजे फ्रेम) उरलेल्या अंतराचा फक्त दहावा भाग काप. आता तो मागे राहतो, धावत येतो, जवळ आला की हळू होतो. सात फ्रेममध्ये निम्म्याहून जास्त अंतर कापलं जातं, म्हणजे डोळ्याला तो चपळ वाटतो. दहाव्या भागाऐवजी पन्नासावा भाग कर. निम्मं अंतर कापायलाच आता अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागेल आणि तोच गोळा जड वाटेल, थकलेला वाटेल. एक आकडा बदलला आणि स्वभाव बदलला. असा एक आकडा घेऊन संध्याकाळभर बसायची सवय लागली, तर मोठमोठी सॉफ्टवेअरं न येणाऱ्या मुलीचं कामही वर्गात उठून दिसतं. मी हे पाहिलेलं आहे.

पण गोळा थकलेला वाटतो हे ठरवणार कोण? बघणारा. म्हणून माझा आग्रह आहे, की पहिल्या सत्रात जे काही करशील ते दिवाळीनंतर आपल्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, घेऊन ये. प्रयोगशाळेत येणारे सगळे तुझ्यासारखेच असतात. पडद्यासमोर हात हलवायचा असतो, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. आपल्या मंडईतल्या आजीला ते ठाऊक नाही. ती लांब उभी राहील, नातवाला पुढे ढकलेल, मग हळूच स्वतः येईल. पोट्टे पडद्याच्या मागे जाऊन बघतील. धानाची कामं आटोपून रात्रभर झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचं, नाटक बघणारे हे लोक आहेत. आवडलं तर गाणं पुन्हा म्हणायला लावतात, नाही आवडलं तर उठून चहाला जातात. इतका सच्चा प्रेक्षक तुला शहरातल्या गॅलरीत सहसा मिळणार नाही.

आणि तुझं यंत्र तिथे हटकून फसेल. स्वस्तातला अल्ट्रासोनिक सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. कागदावर त्याचा पल्ला चार मीटरपर्यंतचा. मंडईच्या थंडीत सगळे शाल-घोंगडी पांघरून येतात. जाड, मऊ कापड तो आवाज पिऊन टाकतं आणि समोर उभा असलेला माणूस सेन्सरला नीट दिसत नाही. हे कुठल्या व्याख्यानात कळत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या, तेव्हा सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत चुका ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत एक टक्काही नाही. तेव्हा आपल्या अंगणात, आपल्या माणसांवर, कंदिलाइतक्या उजेडात काय चालतं ते बघून मगच पुढे जा.

एक गोष्ट मनावर दगड ठेवून लिहिते. तू विदर्भातली म्हटल्यावर तिथे कुणी ना कुणी सुचवेल, शेतकरी आत्महत्येवर काहीतरी कर. प्रोजेक्टर, आकडे, काळा पडदा, उदास संगीत. गुण मिळतील. पण ज्या घरात ते घडलं त्या घरात जाऊन बसल्याशिवाय, आणि केलेलं काम आधी त्या माउलीला दाखवल्याशिवाय यात हात घालू नकोस. तुझं गाव म्हणजे फक्त दुःख नाही. क्रिस्टा सोमरर आणि लॉरां मिन्योनो या कलाकारांनी १९९२ मध्ये खऱ्या कुंड्यांतल्या झाडांना तारा जोडल्या. माणसानं पानाला हात लावला की पडद्यावर झाडं वाढू लागत. पाऊस लांबल्यावर बांधीतलं पऱ्हं, म्हणजे धानाची रोपं, कशी दिसतात, हे ज्या मुलीला लहानपणापासून माहीत आहे, ती यातून कुठवर जाईल याचा मी अनेकदा विचार करते.

बाबांना काय सांगू, असं विचारलंस. खरं ते सांग. इंजिनिअरिंगनंतर कंपनीत मिळतं तसं ठरलेलं पॅकेज इथे नाही. संग्रहालयं, प्रदर्शनं, नाटकांचं दृश्यसंयोजन, ॲपचं डिझाइन, गेम, शिकवणं अशी कामं आहेत आणि बरीचशी कामागणिक पैसे देणारी आहेत. आशेवर ठेवू नकोस, घाबरवूही नकोस. लागलं तर मी घरी येऊन बोलेन.

जायच्या आधी एक काम उरकून घे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, हे सगळं सेतूतून आत्ताच काढ; जातवैधता लागत असेल तर ती जात पडताळणी समितीकडून घे. शिष्यवृत्तीची मुदत सत्राच्या मध्येच येते आणि तिकडून तहसीलच्या चकरा मारणं जमत नाही. स्कॅन मलाही पाठव, एक प्रत माझ्याकडे राहू दे.

तुझी,
मावशी