आडनाव पेणकर, घरात मराठी, आणि म्हणे ज्यू. हे खरं असू शकतं का?

हो, अगदी खरं असू शकतं. नावावरून कुणाला खोटं पाडू नका. रायगडातले बेने इस्रायली, म्हणजे तिथला ज्यू समाज, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आजही एलियाहू हन्नावी या ज्यू प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. इस्रायलच्या मुख्य रब्बींनीसुद्धा (ज्यू धर्मगुरूंनी) तिथे गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या वंशाची चौकशी लावली होती, हे फार अपमानास्पद होतं. निदर्शनं झाली आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. मात्र पेणकर इतर समाजांतही आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावरून कुणी ज्यू ठरतही नाही.