एनएफएलची (अमेरिकन फुटबॉल लीगची) मॅच दुपारी 1 वाजता आहे. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये दहा-बारा जणांची टेलगेट पार्टी (मॅचआधी गाडीजवळच खाणं-पिणं) करायची, तर किती वाजता पोहोचावं आणि ग्रिल कोळशाचं न्यावं की गॅसचं?

सकाळी 9 पर्यंत पोहोचा आणि ग्रिल प्रोपेन गॅसचंच न्या. मी न्यू जर्सीत दर सीझनला मित्रांबरोबर हे करतो, त्या अनुभवावरून सांगतोय. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत 20-25 मिनिटं थांबावं लागतं, पण खरी पंचाईत शेवटी होते: निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि तसेच गाडीत टाकता येत नाहीत. स्टेडियमने राखेसाठी वेगळे डबे ठेवले असतील तरच कोळशाचा विचार करा. गॅस 11:30 ला बंद केला की ग्रिल निवतं, सामान आवरून निवांत आत जाता येतं.

चिकन घरूनच मसाला लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात बर्फावर न्या. भाजल्यावर आतलं तापमान 74 अंश सेल्सियस झालं पाहिजे. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, ऊन 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. स्टेडियमच्या आत पारदर्शक पिशवी किंवा अगदी छोटी पर्सच चालते, म्हणून मोठ्या बॅगा गाडीतच राहू द्या.

मात्र पार्किंगचे नियम प्रत्येक स्टेडियमचे वेगळे असतात. गेट साधारण तीन ते पाच तास आधी उघडतात, काही ठिकाणी कोळसा किंवा तंबूला बंदी असते, आणि शेजारची रिकामी जागा अडवलेली सहसा चालत नाही. पार्किंग पास घेतानाच स्टेडियमच्या वेबसाइटवर हे बघून घ्या.