२५ मागितले, ४० पडले

औषध देणाऱ्या उपकरणांच्या किरण-निर्जंतुकीकरणाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : वाळूजला आमचं मोल्डिंगचं युनिट आहे. इंजेक्टरचे पॉलिप्रॉपिलीनचे भाग गॅमा किरणांनी निर्जंतुक करून आणतो. आल्या आल्या तपासले तर ठणठणीत. पण जालन्याच्या गोदामात चार-पाच महिने राहिलेल्या मालाचे फ्लँज, म्हणजे बाहेर आलेल्या कडा, अंगठ्याने दाबले तरी तुटतात. प्लांटवाल्यांनी डोस जास्त मारला का?

मारला असेलही, पण उशिरा तुटण्याचं कारण निराळं आहे. गॅमा किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. तुटलेली काही टोकं, म्हणजे फ्री रॅडिकल्स, त्याच्या स्फटिकी भागात अडकून राहतात. हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत मुरतो, त्यांना चिकटतो आणि आणखी साखळ्या तोडतो. माल प्लांटमधून घरी आला तरी हे काम आत चालूच असतं आणि उष्णतेने ते वाढतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या गोदामात काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. आल्या दिवशी केलेल्या तपासणीला म्हणूनच फारसा अर्थ नाही. नमुने ५५ अंशांच्या ओव्हनमध्ये काही आठवडे ठेवून मग तोडून बघा.

आता दाण्याकडे, म्हणजे कच्च्या प्लास्टिककडे या. साधा पॉलिप्रॉपिलीन घेऊन गॅमाला पाठवणं म्हणजे दुखणं विकत घेणं. हिंडर्ड अमाईन स्टॅबिलायझर (फ्री रॅडिकल्सना आवरणारं रसायन) घातलेला, किरणं सोसणारा ग्रेड मागा. तो महाग पडतो, पण परत आलेल्या बॅचपेक्षा स्वस्त. फ्लँजच्या मुळाशी काटकोन असेल तर साच्यात तिथे गोलाई द्या, कारण मोल्डिंगचा ताण तिथेच साठतो आणि चीर तिथूनच जाते. तपासणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही, चिकलठाण्याला सिपेट ही प्लास्टिकची सरकारी संस्था आहे.

डोसचंही बोलतो, कारण माझ्या मते खरा पैसा तिथेच वाया जातो. १९७४ साली ट्रॉम्बेला आयसोमेड हा किरण-निर्जंतुकीकरणाचा प्लांट सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडे २५ किलोग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो. पण २५ हा किमान डोस आहे. खोक्याच्या गाभ्यात तेवढा पोहोचावा म्हणून बाहेरच्या कडेला ३५, कधी ४० पडतो. जंतू मरतात की नाही हे किमान डोस ठरवतो आणि प्लास्टिक टिकतं की नाही हे कमाल. तुमच्या ऑर्डरवर कमाल मर्यादा लिहिलेलीच नसेल तर प्लांटला बोल कसा लावणार? कार्टन कमी खच्चून भरा, डोस मॅपिंगचा, म्हणजे खोक्यात कुठे किती डोस पडला याचा, कागद मागा. आणि मोल्डिंग ते पॅकिंग सगळं स्वच्छ खोलीत आणा. आयएसओ १११३७ या किरण-निर्जंतुकीकरणाच्या मानकात डोस सिद्ध करायची व्हीडीमॅक्स पद्धत आहे. तिच्यात एका नगावरचे जंतू सरासरी दीडच्या आत असतील तर १५ किलोग्रे पुरतो हे सिद्ध करता येतं. तिथेच प्लास्टिकचा अर्धा त्रास संपतो.

प्रश्न : गॅमा केलेली सिरिंज वापरली तर रेडिएशन शरीरात जातं का? (अंबाजोगाई)

नाही. प्लांटमधली गॅमा किरणं कोबाल्ट-६० मधून निघतात. त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) असते. तेवढ्याने प्लास्टिक किरणोत्सारी होत नाही. प्लांटबाहेर आलेल्या सिरिंजमध्ये किरणं उरत नाहीत.

प्रश्न : अंगावर चिकटवायच्या छोट्या औषधपंपावर आम्ही काम करतो आहोत. आत चिप आहे, कार्ट्रिजमध्ये प्रथिनाचं औषध. शिशाची पट्टी लावून गॅमा करता येईल? (छत्रपती संभाजीनगर)

गॅमात नाही. जेमतेम सव्वा सेंटिमीटर शिसं कोबाल्टची किरणं फक्त निम्मी करतं. चिप वाचेल इतकं शिसं लावलंत तर पंप खिशात नाही, हातगाडीवर न्यावा लागेल.

ई-बीममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने निर्जंतुक करताना, मात्र आडोसा चालतो. १० एमईव्हीचे इलेक्ट्रॉन सेंटिमीटरभर पोलादात थांबतात. थांबताना थोडे क्ष-किरण निघतात, ते मोजून घ्यायचे. पण आडोशामागे जंतूही सुरक्षित राहतात, हे डिझाइन करणारे हमखास विसरतात. सुई आणि नळी, म्हणजे औषधाचा मार्ग, आडोशाबाहेरच हवा. आणि झाकलेला भाग औषधापासून सीलने तोडलेला हवा.

प्रथिनाचं औषध तर किरणांखाली आणूच नका. पाण्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ती प्रथिनाचा चुराडा करतात. ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून निर्जंतुक खोलीत कार्ट्रिजमध्ये भरा आणि कार्ट्रिज शेवटी बसेल अशी रचना करा. माझा सल्ला : सुईचा संच वेगळा किरणांना, चिपचा भाग ईटीओला, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूला.

प्रश्न : एम. फार्म.च्या प्रोजेक्टसाठी पीएलजीएचं (शरीरात हळूहळू विरणारा पॉलिमर) औषध सोडणारं इम्प्लांट बनवलं. ई-बीमनंतर औषध ठरल्यापेक्षा लवकर सुटतं. (नांदेड)

साखळ्या तुटल्या, रेणुभार घसरला, म्हणून पॉलिमर लवकर विरघळतो. जीपीसी (रेणुभार मोजायची चाचणी) करून आधीचा-नंतरचा रेणुभार मांडा, प्रबंधात तो तक्ता लागेलच.

दुसरी शंका तापमानाची. २५ किलोग्रे म्हणजे किलोमागे २५ किलोज्यूल. ई-बीममध्ये हे काही सेकंदांत पडतं आणि पॉलिमर साधारण पंधरा अंश तापतो. नमुने उन्हाळ्यात साध्या गाडीतून ४० अंशांवर पोहोचले असतील तर तो ५५ च्या आसपास जातो. पीएलजीए ज्या तापमानाला कडकपणा सोडून मऊ व्हायला लागतो तो काच-संक्रमण बिंदू, म्हणजे टीजी, ४५ ते ५५ च्या दरम्यान असतो. तो ओलांडला की इम्प्लांट मऊ पडतं आणि छिद्रांची रचना बदलते. नमुने नायट्रोजनखाली सील करा, कोरड्या बर्फात पाठवा आणि बर्फातच किरणं द्या. मात्र बर्फही किरणं अडवतो, म्हणून डोसिमीटर (डोस मोजायचं साधन) खोक्याबाहेर नाही, नमुन्याशेजारी ठेवायला सांगा. आणि न किरणवलेला एक संच त्याच खोक्यातून नेऊन परत आणा, म्हणजे प्रवासाचा परिणाम वेगळा काढता येईल.