पाकीट संपल्यावरचे सात दिवस

"गर्भनिरोधक गोळ्या इतक्या नेमाने घेते, तरी पाळी दहा दिवस लांबली. मग या गोळ्यांचा उपयोग काय?" सल्ल्यासाठी आलेल्या बाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारलं. घरी केलेली चाचणी निगेटिव्ह आली होती, पण धसका गेला नव्हता. पहिलं मूल दोन वर्षांचं. दुसरं हवंय, पण तीन-चार वर्षांनी. नवरा शेजारी मोबाइल चाळत होता.

मी पाकीट मागितलं. पर्सच्या तळातून निघालं, 21 गोळ्यांचं, सगळे खळगे रिकामे. मधल्या दोन-चार विसरल्या असतील असा माझा कयास होता, तो चुकला.

"नवं पाकीट कधी सुरू करता?"

"पाळी थांबली की."

म्हणजे कधी आठव्या दिवशी, कधी दहाव्या. या वेळी तर पाळीच आली नाही म्हणून नवं पाकीट उघडलंच नव्हतं. पाणी मुरत होतं ते इथे. पाकीट संपल्यावर गोळ्या बंद असलेल्या सात दिवसांत बीजकोश पुन्हा जागा व्हायला लागतो. आठव्या दिवशी गोळी सुरू झाली नाही, तर बीज बाहेर पडू शकतं. पाळी आली, नाही आली, चालू आहे, थांबली, याचा संबंधच नाही; आठवा दिवस म्हणजे आठवा दिवस. मधली एखादी गोळी चुकण्यापेक्षा ही दिरंगाई जास्त धोक्याची. गोळ्या देताना एवढं एक वाक्य कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, याचा मला रागच आला.

शंभर जणींनी वर्षभर गोळी बिनचूक घेतली, तर एखादीलाच दिवस जातात, बहुधा तेही नाही. घरच्या धबडग्यात घेतली जाते तशी घेतली, तर सुमारे 7 जणींना. निरोधचे हेच आकडे 2 आणि 13. गर्भाशयात बसवतात त्या तांबीत मात्र दोन्हीकडे एकीहून कमी, कारण बसवल्यावर लक्षात ठेवायचं फारसं उरत नाही.

तांबी म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. "ती वर सरकून पोटात जाते म्हणतात."

खणातला नमुना मी त्यांच्या तळहातावर ठेवला. जेमतेम तीन सेंटिमीटरचा, खाली दोरा. गर्भाशयाला छिद्र पडून ती बाहेर जाणं हजारात एखाद-दुसरीच्या बाबतीत घडतं, तेही बहुतेकदा बसवताना. त्यापेक्षा ती खाली निसटण्याची शक्यता जास्त, म्हणून अधूनमधून दोरा बोटाने चाचपायचा. काढली की मूल राहायला आडकाठी नाही.

त्या दोरा बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "गोळ्यांआधी मला पाळीत फार जायचं."

बरं झालं बोलल्या. साध्या तांबीने रक्तस्राव वाढतो. मग हार्मोनची तांबी पाहावी, तिने तो कमी होतो. तपासणीसाठी डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. निरोधाशिवाय आलेल्या शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी, आणि तांबी बसेपर्यंत दर वेळी निरोध, हेही सांगितलं.

नवऱ्याने मोबाइल खिशात टाकला. "म्हणजे तोवर माझं काम."

"तोवर तरी," त्या म्हणाल्या.

दुसरी चाचणीही निगेटिव्ह आली. तांबी बसली. दीड महिन्याने फोन: "मधेमधे थोडं लाल जातंय, चालेल ना?" पहिले तीन ते सहा महिने असं होतं. ताप आला, पोटात जोरात दुखलं किंवा दोरा लागेनासा झाला, तर मात्र लगेच दाखवा म्हटलं.