मोबाइलवर इंटरनेट सुसाट, घरच्या कॉम्प्युटरवर रडतखडत. मोठा प्लॅन घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की प्लॅन 100 एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिटचा) आहे, मोबाइलवर व्हिडिओ न अडकता चालतात, पण घरातले सगळे मिळून वापरतात त्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट 20च्या वर जात नाही आणि कंपनी म्हणते लाइन ठीक आहे. मला कंपनीचं म्हणणं पटतं. मोबाइल त्या वेळी वायफायवरच होता, मोबाइल डेटावर नव्हता, एवढी खात्री मात्र करून घ्या. व्हिडिओला कमी स्पीडही पुरतो, म्हणून वायफायवरच मोबाइलचीही स्पीड टेस्ट घ्या. ती 100च्या जवळ गेली तर 100 एमबीपीएस तुमच्या राउटरपर्यंत पोचतायत, अडतंय ते पुढे कुठेतरी. प्लॅन 300चा केलात तरी हा कॉम्प्युटर 20वरच राहील. पैसे आत्ता घालू नका.

कुठलीही सेटिंग बदलण्याआधी एकच काम करा. कॉम्प्युटर लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि पुन्हा टेस्ट घ्या. डेस्कटॉप असेल तर तासाभरासाठी उचलून राउटरजवळ नेलात तरी चालेल, तेवढा त्रास घ्याच. आकडा 90च्या पुढे गेला तर दोष वायफायचा. 20वरच अडकला तर दोष कॉम्प्युटरच्या आत किंवा केबलमध्ये. केबलची शंका लगेच फिटते: नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा वेग, बघा. तिथे 100 किंवा 1000 दिसायला हवं. 10 दिसत असेल तर केबल बदला.

आता कॉम्प्युटरच्या आतलं. घरात प्रत्येकाचं वेगळं अकाउंट असेल तर इथे नीट लक्ष द्या, कारण ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये आपलं काम झालं की बरेच जण साइन आउट करत नाहीत, नुसतं दुसरं अकाउंट उघडतात. पहिल्या माणसाचं सगळं मागे चालूच राहतं: त्याचे ब्राउझरचे टॅब, त्याचं फोटो क्लाउडवर चढवणं, त्याच्या गेमचं अपडेट. तुमच्या स्क्रीनवर यातलं काहीही दिसत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘युजर्स’मध्ये किती जण आत बसलेत ते बघा. मग नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात जास्त कोण खातंय ते शोधा.

आणि फक्त डाउनलोडच बघू नका. अपलोड पूर्ण भरलं की डाउनलोडही रखडतं, कारण आलेल्या प्रत्येक डेटाची पोच उलट दिशेने पाठवावी लागते आणि ती पोच फोटोंच्या रांगेत मागे अडकते. मात्र ती रांग राउटरवर साचते तेव्हा घरातल्या सगळ्यांचंच इंटरनेट मंदावतं. म्हणून फोटो चढत असताना मोबाइलवर काय होतं तेही बघून ठेवा.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ सतत 100 टक्के दिसत असेल तर तुमचा प्रश्न बहुधा इंटरनेटचा नाहीच. जुन्या हार्ड डिस्कवर पान हळू उघडतं आणि आपण लाइनला दोष देतो. अशा वेळी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, खूप वेगवान डिस्क) बसवून जो फरक पडेल तो कुठल्याही प्लॅनने पडणार नाही. ब्राउझरमधली एक्सटेंशन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बंद करूनही एकदा बघा. सगळ्यांनी वापरायच्या मशीनवर ती नकळत साठत जातात.

दोष वायफायचा निघाला तर आधी कॉम्प्युटर 2.4 गिगाहर्ट्झवर आहे की 5वर (हे वायफायचे दोन पट्टे), ते तपासा. 2.4 लांब पोचतं, पण तिथे शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. राउटर जवळ असेल तर 5 निवडा. कॉम्प्युटरला नखाएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर लावला असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर. असे स्वस्त, जुने अडॅप्टर बहुतेकदा फक्त 2.4वर चालतात, आणि 20 मेगाहर्ट्झच्या चॅनलवर एका अँटेनाची लिंक कागदावरच 72 एमबीपीएसची असते. प्रत्यक्षात हाती येतं ते त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यातून तो कॅबिनेटच्या मागे, पत्र्याच्या आड आणि यूएसबी 3च्या पोर्टशेजारी असेल तर आणखी वाईट, कारण त्या पोर्टमधून 2.4च्या पट्ट्यात गोंगाट होतो. साध्या यूएसबी एक्सटेंशन केबलने तो टेबलावर आणून ठेवा.

डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 टाकल्याने वेबसाइटचा पत्ता थोडा लवकर सापडू शकतो, 20चे 100 होत नाहीत. ‘इंटरनेट स्पीड वाढवा’ असं सांगणारे प्रोग्रॅम तर अजिबात टाकू नका, विशेषतः लहान मुलं वापरतात त्या मशीनवर. आणि फाइल उतरताना 12 मेगाबाइट दर सेकंदाला दिसले तर घाबरू नका. 8 बिट म्हणजे 1 बाइट, म्हणून 100 एमबीपीएसचे जास्तीत जास्त साडेबाराच होतात.

केबल लावल्यावर आलेला स्पीड, लिंक स्पीडचा आकडा आणि टास्क मॅनेजरमध्ये वरती दिसलेल्या दोन-तीन प्रोग्रॅमची नावं इथे खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.