मिरजेजवळच्या शेडमध्ये पडून असलेली जुनी फॉर्म्युला मारुती (मारुतीच्या इंजिनवर चालणारी एका सीटची रेसिंग गाडी) दुरुस्त करायची आहे, नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

मिरजेजवळच्या शेडमधून गाडी उचललीत, फार बरं केलंत. पण कळकळीने सांगतो, इंजिन सुरू करण्याच्या मागे लागू नका. ते मारुती 800 चं, तीन सिलिंडरचं 796 सीसी इंजिन आहे, पार्ट सांगलीतच मिळतील. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवसांनी क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, पान्याने हळू फिरवा. फिरला तर टायमिंग बेल्ट नवा टाका.

खरा जीव चासीत आहे. पाइपचा सांगाडा आतून गंजतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. छोट्या हातोडीने प्रत्येक पाइप ठोकत जा. खणखणीत आवाज जाऊन बद्द आवाज आला की तिथे संशय धरा. सस्पेन्शनचे आर्म जिथे बसतात तिथला रंग खरवडून तिथलं वेल्डिंग डाय पेनिट्रंटने, म्हणजे तड्यात मुरणाऱ्या लाल रंगाच्या द्रवाने, तपासा. लाल रेघ उमटली म्हणजे तडा. हे काम गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडे अजिबात देऊ नका, कुपवाड एमआयडीसीत टिग वेल्डिंगचा (बारीक, नेमक्या जोडकामाच्या वेल्डिंगचा) हात बसलेला माणूस शोधा. 2019 चं पुराचं पाणी त्या शेडपर्यंत आलं होतं का, तेही शेजारी विचारा. पाइपात गाळ राहिला असेल तर गंज वेगाने वाढतो.

गाडी सुटी करण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा. ब्रेकचे होज, सीटबेल्ट आणि टायर कितीही चांगले दिसले तरी नवेच घ्या.

ही गाडी रस्त्यावर काढायची नाही. पहिली चाचणी ट्रेलरवरून नेऊन ट्रॅकवरच घ्या, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे त्यासाठी चांगला.